पाण्याला कळलेला उतार

नीरा ते बारामती हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. गेल्या डिसेंबरात आम्ही चार सहकारी आणि बारावीचे दोन विद्यार्थी सायकलींवरून या रस्त्याने गेलो. निंबुत, करंजे, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे बुद्रुक, पणदरे अशी गावे एकेक करून मागे पडली आणि दुपारच्या जेवणाला आम्ही माळेगाव बुद्रुकला पोचलो. आदल्या दिवशी पुण्याहून येताना दिवे घाटात आम्हाला सायकली हातात धरून चालावे लागले होते. आज मात्र चाळिशी ओलांडलेल्या आम्हालाही फारसा दम लागला नव्हता. भाकरी मोडता मोडता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा रस्ता इतका सोपा कसा?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकातल्या एका धड्यात मावणारे नाही. त्यासाठी थोडे पदार्थविज्ञान लागते आणि दीडशे वर्षांचा इतिहासही.

आधी पदार्थविज्ञान पाहू. सायकल आणि स्वार मिळून ८० किलोग्रॅम वस्तुमान धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटर वेगाने जाताना चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळून साधारण ११ न्यूटन बल आपल्याला मागे ओढते. त्यावर मात करण्यासाठी पायांना सुमारे ४५ वॅट शक्ती लावावी लागते, म्हणजे सावकाश चालण्याइतकेच श्रम. आता रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढू लागला, की मागे ओढणाऱ्या बलात एकदम ३९ न्यूटनची भर पडते. जणू कुणी चार किलोचे ओझे दोरीने मागे बांधून दिले आहे आणि ते आपण सतत वर उचलत आहोत! सायकलवरून माणूस उतरतो तो इथे.

नीरेचे खोरे मुळातच पसरट आहे. आमच्या वाटेवर ओढे येत होते, लहानसे उतार-चढ येत होते, पण घाट असा नव्हता. या पसरट जमिनीवर माणसाने आणखी एक रेषा आखली आहे. ती रेषा म्हणजे नीरा डावा कालवा. तो कधी रस्त्याच्या अगदी शेजारी येतो, तर कधी उसामागे दडतो. तो सरळ जात नाही. समान उंचीच्या जागा शोधत वळसे घेत जातो. मातीच्या अशा मोठ्या कालव्यांचा उतार साधारणपणे किलोमीटरला वीस-तीस सेंटिमीटर असतो. याहून जास्त उतार दिला तर पाणी वेगाने धावून काठ खाते, कमी दिला तर गाळ साचतो.

किलोमीटरला वीस सेंटिमीटर उतार सायकलस्वाराला किती मदत करतो? आमच्या ८० किलोंवर हे बल भरते ०.१६ न्यूटन, म्हणजे दोन-तीन खडूंच्या वजनाएवढे. चाकांचे घर्षणच त्याच्या तीसपट असते. कालव्याच्या कडेने कोणत्याही दिशेने सायकल चालवा, चढ की उतार हे पायांना कळणार नाही. पाण्याला मात्र ते कळते. वीरच्या बंधाऱ्यापासून निघालेले पाणी या नगण्य उतारावरून दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून इंदापूर तालुक्यात पोचते. ज्यांनी दुर्बीण, पातळीयंत्र आणि मोजपट्टी घेऊन उन्हातान्हात ही रेषा आखली, त्यांच्या कामाची अचूकता इथे लक्षात येते.

ती आखली गेली ते दिवस मात्र सुखाचे नव्हते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. नीरा कालव्याचे काम १८७६ साली दुष्काळी काम म्हणूनच सुरू झाले. बायका, पुरुष आणि मुले माती वाहू लागली. १८७७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरची मजुरी सरकारने कमी केली, तेव्हा हजारो मजूर काम सोडून निघून गेले. पुणे सार्वजनिक सभेने हा प्रश्न लावून धरला. आज आपण ज्या भरावाकडे बघत सायकल चालवतो, त्या भरावाची माती अर्धपोटी माणसांनी टोपल्यांनी वाहिलेली आहे, हे विसरता कामा नये.

कालव्याला पाणी आले १८८५ साली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली याने दोन सारख्या उंचीची चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. आजची सायकल हे तिचेच वंशज. १८८८ मध्ये डनलॉपने सायकलच्या हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि खडबडीत रस्त्यावरही सायकल चालवणे सुसह्य झाले. कालवा आणि सायकल यांचे हे समवयस्क असणे हा योगायोग खरा. पण पुढे दोघांची गाठ पडलीच. पाण्याच्या पाळीसाठी दरवाजे उघडत फिरणारा पाटकरी, हँडलला दुधाच्या किटल्या अडकवून निघालेला गवळी, तासाच्या भाड्याने सायकल घेऊन शिकणारी मुले, शाळेला जाणाऱ्या मुलींचे घोळके, हे सगळे या सपाट मुलखाने पाहिले आहे.

पाणी आले आणि भरभराट झाली, इतकी ही गोष्ट सरळ नाही. कालवा बांधला होता दुष्काळापासून संरक्षण म्हणून. पण पाऊस बरा झाला, की ज्वारी-बाजरीचा शेतकरी पाणी घेत नसे. पाणीपट्टी का भरावी, असा त्याचा रोकडा हिशेब होता. पाण्याला खरे गिऱ्हाईक मिळाले ते उसामुळे. बागायतीत मुरलेले सासवडचे माळी इकडे आले, त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळे सुरू केली. मग सरकारपुढे उलटाच प्रश्न उभा राहिला. थोड्या जमिनीवरचा ऊसच सगळे पाणी पिऊ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुरस्कारलेली ब्लॉक पद्धत इथे आली. ठरवून दिलेल्या तुकड्यात साधारण एक तृतीयांश ऊस आणि उरलेल्या भागात इतर पिके, अशी फेरपालट त्यात होती. पाणी जास्त गावांना पुरावे आणि जमीनही टिकावी हा तिचा हेतू.

जमीन टिकावी, असे म्हणण्याची पाळी का आली? माळेगावच्या अलीकडे आम्ही सायकली थांबवल्या, तेव्हा त्याचे उत्तर समोरच दिसले. भर उसाच्या मुलखात एक सखल तुकडा ओसाड पडला होता आणि त्यावर मीठ भुरभुरावे तसा पांढरा थर होता. काळ्या भारी जमिनीला सतत पाणी दिले आणि निचरा झाला नाही, की भूजलाची पातळी वर येते. मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांमधून केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागापर्यंत चढते, वाफ होऊन उडून जाते आणि क्षार मागे राहतात. हे आजचे ज्ञान नव्हे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले हॅरोल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरचा अभ्यास १९१० सालीच प्रसिद्ध केला. कालवा सुरू होऊन तेव्हा पुरती पंचवीस वर्षे झाली होती!

त्यानंतरचा इतिहास अधिक परिचयाचा आहे. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. १९३४ मध्ये वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर शेतकऱ्यांनी सहकारी कारखाने काढले, माळेगावचा कारखाना त्यांतलाच. पाडेगावहून २००७ मध्ये प्रसारित झालेला 'फुले २६५' हा वाण खारवट जमिनीतही तग धरतो. पण वाण बदलला म्हणून जमिनीचा निचरा सुधारत नाही. आणि कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याची पाण्यासाठी वाट पाहणेही संपत नाही.

या वाटेवरची गावे कालव्याहून कितीतरी जुनी आहेत. बुद्रुक हा शब्द फारसी 'बुजुर्ग'वरून आला, खुर्द म्हणजे धाकटे. माळेगावे दोन आहेत ती अशी. वडगावच्या नावातच निंबाळकर घराण्याची खूण आहे. करंज्याला सोमेश्वराचे देऊळ आहे. कऱ्हेकाठच्या बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत (१७२९–१७९४) राहिले. ही जुनी वस्ती नदी, ओढे आणि विहिरी यांच्या आधाराने वाढली. कारखाने आणि त्यांच्या वसाहती आल्या त्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसामागून. नकाशावर या दोन प्रकारच्या वस्त्या दोन रंगांनी दाखवल्या, तर इतिहासाचे दोन थर वेगळे दिसतील.

शिक्षकांनी मुलांना घेऊन ही सहल जरूर काढावी. प्रयोग सोपा आहे. वारा पडलेला असताना, वर्दळ नसलेल्या सपाट रस्त्यावर ठरावीक वेग घेऊन पायडल मारणे थांबवावे, सायकल किती अंतरावर थांबते ते पावलांनी मोजावे आणि मग उलट दिशेने तेच करावे. दोन अंतरांतल्या फरकावरून उतार ओळखता येतो का, ते पाहावे. कालव्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाची पिके वहीत लिहावीत, पांढरा थर दिसेल तिथे खूण करावी, गावातल्या वडीलधाऱ्यांना विहिरींची पातळी विचारावी. वाहत्या कालव्यात मात्र कुणालाही उतरू देऊ नये.

संध्याकाळी बारामतीत शिरताना तो विद्यार्थी म्हणाला, "आज दिवसभर आपण उतारावरच होतो, आणि कळले नाही." आम्ही त्याला त्या पांढऱ्या तुकड्याची आठवण करून दिली. जमीन खारवट होते तीही अशीच, रोज पाहणाऱ्याला न कळेल इतक्या सावकाश. म्हणून तर मोजायचे असते.