वातपान ते छतखिडकी : वरून येणाऱ्या उजेडाचा इतिहास

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सेनासनक्खंधक हे प्रकरण आहे. भिक्खूंच्या निवासाचे नियम त्यात आलेले आहेत. राजगृहाच्या श्रेष्ठीने भिक्खूंसाठी साठ विहार उभारले ही हकिकत याच प्रकरणातील असल्यामुळे अभ्यासक तेथे थांबतात, आणि पुढील भाग मात्र बांधकामाचा रूक्ष तपशील समजून ओलांडून जातात. वास्तविक त्या तपशिलातच एका फार जुन्या प्रश्नाची पहिली नोंद सापडते. आरंभीच्या विहारांना खिडक्या नव्हत्या. ते डोळ्यांस अपायकारक व दुर्गंधीयुक्त होते, असे तेथे नमूद आहे. म्हणून भगवंतांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुज्ञा दिली : वेदिकावातपान म्हणजे कठड्याची, जालवातपान म्हणजे जाळीची आणि सलाकवातपान म्हणजे गजांची.

कथा येथे संपत नाही. खिडक्यांतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली, म्हणून पडद्याची अनुज्ञा झाली. पडद्याच्या फटीतूनही ती येऊ लागली, तेव्हा झडपांची व खिडकीत बसविण्याच्या गादीची अनुज्ञा झाली. एका भोकाच्या मागे इतकी व्यवस्था! भिंतीस अथवा छतास छिद्र पाडणे सोपे असते. उजेड यावा, पण नको ते येऊ नये, हे साधणे अवघड. पुढील दोन हजार वर्षे घर बांधणारा माणूस याच प्रश्नाशी झगडत आला आहे. नको असलेली गोष्ट मात्र काळानुसार बदलली. कधी ती वटवाघूळ होती, कधी पाऊस, कधी थंडी; आणि आपल्या प्रदेशात मुख्यतः ऊन.

‘वातपान’ हा पालि शब्दही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्यात वारा आहे, उजेड नाही.

उजेडाचा खरा विचार झाला तो पुढे सह्याद्रीच्या कातळात. चैत्यगवाक्ष ही काटेकोर अर्थाने छतातील खिडकी नव्हे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. लेण्याच्या माथ्यावर अख्खा डोंगर असतो; तेथे छिद्र पाडणे संभवत नाही. म्हणून शिल्पींनी दर्शनी भिंतीतील सर्वांत उंच जागा निवडली आणि छताच्या कमानीएवढेच गवाक्ष कोरले. परिणाम छतखिडकीसारखाच झाला : उजेड डोक्यावरून, तिरपा खाली येऊ लागला.

कार्ले येथील महाचैत्य इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे आहे. ते सुमारे 124 फूट लांब, 45 फूट रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच आहे. एवढ्या खोल दालनाला उजेडाची मुख्य वाट एकच, ती म्हणजे प्रवेशद्वारावरील नालाकृती गवाक्ष. लेण्याचे मुख पश्चिमेस आहे. म्हणजे दुपारनंतरचे प्रखर ऊन थेट समोर येते. परंतु ते उन्हाच्या रूपात आत पोहोचत नाही. सर्वांत बाहेर दगडी आडोसा, त्यामागे ओसरी, आणि गवाक्षात सागवानी लाकडाची जाळी, अशी ही रचना होती. या गाळण्यांतून आलेला उजेड मधल्या भागावरून सरकत थेट टोकाच्या स्तूपावर पडतो. बाजूचे मार्ग स्तंभांच्या आड मंद अंधारात राहतात. जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात या एकमेव, उंचावरील प्रकाशस्रोताची मुक्तकंठाने प्रशंसा केली होती. त्याचे लक्ष मुख्यतः दृश्य परिणामाकडे होते. आपण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहावी : बाहेर वैशाखाचे ऊन असताना आतला कातळ थंड राहतो.

आडोसा नसता तर काय झाले असते, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. जवळच्याच भाजे येथील चैत्याचा दर्शनी भाग लाकडाचा होता. तो काळाच्या ओघात नष्ट झाला आणि मुख आज पूर्ण उघडे आहे. तेथे उजेड भरपूर येतो. कार्ल्याची शांत छाया मात्र नाही. दोन्ही लेणी एकाच दिवशी पाहणाऱ्यास हा फरक कोणी समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

पुढे काच स्वस्त झाली आणि लोखंडाच्या सांगाड्यावर मोठाली छते उभी राहू लागली, तेव्हा वरचा उजेड कारखान्यात शिरला. लँकेशायरच्या गिरण्यांत करवतीच्या दात्यांसारखे छत रूढ झाले. दात्याची उभी बाजू उत्तरेकडे ठेवून तीत काच बसवीत. उत्तर गोलार्धात उत्तरेचा उजेड स्थिर, सावलीरहित आणि थेट उन्हाच्या तापापासून बराच मुक्त असतो. हीच रचना मुंबईच्या गिरण्यांत आली. एक विसंगती मात्र तशीच राहिली. मुंबई 19 अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य येथे माथ्याच्या उत्तरेस असतो. लँकेशायरच्या आराखड्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्या काचांखाली कोण काम करीत होते, हेही इतिहासाने विचारले पाहिजे. उत्तर-प्रकाशाची ही छपरे मुख्यतः साळखात्यावर असत, कारण तुटलेला धागा दिसण्यासाठी विणकराला उजेड लागतो. साळखात्याची मजुरीही चांगली असे. आणि त्याच खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे. त्यामुळे विटाळ होतो, हे कारण दिले जाई. आपले बहुतेक कामगार रिंगखात्यात अडकून पडले. 1928च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे मांडला. साळखाते म्हणजे काही नंदनवन नव्हते. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत आणि माणसे घामाने निथळत. तरीही गिरणीतील चांगला उजेड ज्या छपराखाली होता, तेथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता, ही वस्तुस्थिती आहे.

राहत्या घरात छतखिडकीचा शास्त्रशुद्ध विचार झाला तो थंड देशांत. डेन्मार्कमधील व्हिलुम कान रासमुसेन या अभियंत्याने 1940च्या दशकाच्या आरंभी उतरत्या छपरात बसणारी, उघडझाप करता येणारी खिडकी तयार केली. पोटमाळ्याच्या अंधाऱ्या जागा राहण्यायोग्य व्हाव्यात हा त्याचा हेतू होता. त्याने तिला ‘वेलक्स’ हे नाव दिले : ‘व्हेंटिलेशन’मधील ‘वे’ आणि प्रकाशवाचक लॅटिन शब्द ‘लक्स’. आपल्या वातपानात जो शब्द राहून गेला होता तो येथे जोडला गेला, असे गमतीने म्हणता येईल.

छतातून येणारा उजेड इतका परिणामकारक का, याचे कारण आकाशातच आहे. पूर्ण ढगाळ आकाश माथ्यावर क्षितिजापेक्षा सुमारे तिप्पट तेजस्वी असते. म्हणून भिंतीतील मोठ्या खिडकीचे काम छतातील लहान खिडकी करते. परंतु त्याच काचेतून हिवाळ्यात घराची ऊब बाहेर जाते. भिंतीतून अथवा काचेतून किती उष्णता वाहते हे मोजण्याचे माप म्हणजे यू-मूल्य. ते जितके कमी तितके चांगले. एकेरी काचेचे यू-मूल्य सुमारे 5.8, दुहेरीचे सुमारे 2.8. 1973च्या तेलसंकटानंतर इंधन महागले, तेव्हा हा फरक पाश्चात्त्य राष्ट्रांना पैशात जाणवू लागला. संशोधनातून काचेवर डोळ्यांना न दिसणारा अतिपातळ धातुलेप चढविण्याची युक्ती प्रचारात आली. हा लेप उजेड आत सोडतो, पण खोलीची ऊब परत आत फेकतो. लेप, दुहेरी काच आणि मध्ये अरगॉन वायू यांनी यू-मूल्य एकच्या आसपास येते. तिहेरी काचेने त्याहूनही खाली. जर्मनीत डार्मश्टाट येथे 1991 मध्ये पूर्ण झालेल्या ‘पॅसिव्ह हाउस’ने अशा काचेच्या बळावर नेहमीच्या तापन-यंत्रणेची गरज जवळजवळ संपविली.

ही विद्या आपल्याकडे जशीच्या तशी आणणे म्हणजे पुन्हा लँकेशायरचा आराखडा आणणे होय. कोपनहेगनला डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजावर जेमतेम 11 अंश चढतो. तेथे ऊन हवे असते. आपल्याकडे मेमध्ये तो माथ्यावर असतो आणि आडव्या काचेवर सरळ आघात करतो. साध्या काचेतून उन्हाची चार-पंचमांशाहून अधिक उष्णता आत येते. उन्हाची अदृश्य उष्णता बाहेरच परतवणारा, निवडक लेपाचा प्रकार आता उपलब्ध आहे. त्याने हे प्रमाण पाव ते तृतीयांशापर्यंत उतरते. पण काच हा उपायांचा शेवट आहे. आधी खिडकी लहान असावी, ती उत्तर उतारावर असावी, तिच्या बाहेरच्या बाजूस पडदा वा जाळी असावी आणि गरम हवा जाण्यास ती उघडावी. आतला पडदा उजेड अडवतो. उष्णता मात्र तोवर घरात आलेली असते. कार्ल्याच्या शिल्पींनी आडोसा बाहेर ठेवला होता.

आपल्या खेड्यांतही या प्रश्नाची उत्तरे होती. माळवदाच्या घराला साणे असे. पाऊस आला की कोणीतरी वर चढून त्यावर घमेले पालथे घाली. कोकणात कौलांच्या ओळीत एखादे काचेचे कौल असते. त्यातून पडणारा उन्हाचा कवडसा दिवसभर जमिनीवर सरकतो. शहरात पत्र्याची खोली आली आणि हे शहाणपण मागे पडले. भिंती दोन्ही शेजाऱ्यांच्या, खिडकीला जागा नाही, म्हणून छपरात एक अर्धपारदर्शक प्लास्टिकचा पत्रा बसवितात. मुलांना त्याखाली अभ्यास करता येतो, पण एप्रिल उजाडला की तोच उजेड सोसवत नाही.

ब्राझीलमधील उबेराबा येथील आल्फ्रेडो मोझेर या यंत्रदुरुस्ती कारागिराने 2002 मध्ये, वीजटंचाईच्या काळात, यावर एक युक्ती काढली. पाणी आणि थोडे ब्लीच भरलेली दोन लिटरची प्लास्टिकची बाटली त्याने छपरात अर्धी बाहेर, अर्धी आत बसविली. भर उन्हात ती 40 ते 60 वॅटच्या दिव्याइतका उजेड देते. छिद्र बाटलीच्या जाडीएवढेच असल्याने आत येणारे ऊनही मर्यादित राहते. 2011 पासून फिलिपिन्समध्ये ही युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

भारत सरकारने 2018 मध्ये ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. घराच्या छताचे यू-मूल्य 1.2 पेक्षा अधिक असू नये, असा दंडक तीत आहे. खिडक्यांचे किमान प्रमाणही सांगितले आहे. संहिता अभ्यासपूर्ण आहे. मात्र ती 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी बांधकामांसाठी लिहिलेली आहे. दहा फूट बाय बारा फुटांची पत्र्याची खोली तिच्या कक्षेत येत नाही.