गालावरची लाली आणि कृमिराग



यंदा दशलक्षण पर्व सुरू व्हायच्या आठवडाभर आधी माझी भाची तीन डब्या घेऊन घरी आली. मार्गशीर्षात तिचं लग्न होतं. मेकअपवालीनं तिला सांगितलं होतं, बाकीचं मी बघते, पण पावडर ब्लश तुझा तू निवडून ठेव, कातडीवर कुठला बसतो ते वापरल्याशिवाय कळत नाही. "मावशी, तुझी नजर पक्की आहे, तूच बघ की," म्हणाली. महाद्वार रोडवर साडी घेताना मी ती दुकानाच्या दारात उन्हात नेऊन बघते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मग आम्ही दोघींनी त्या डब्यांची रीतसर परीक्षा घेतली. आधी रंग. डबीत दिसतो तो रंग खरा नव्हेच. आपल्या गव्हाळ कातडीवर फिका गुलाबी लावला की तो राखाडी, पिठूळ दिसतो, कारण त्यात पांढरी पावडर जास्त असते. हाताच्या पाठीवर लावून बघणंही फसवं. जबड्याच्या कडेला लावायचा आणि खिडकीपाशी जायचं. दुसरा पोत. बोटाच्या टोकानं डबीवर एकदाच फिरवायचं आणि अंगठ्यावर चोळायचं. चांगली पावडर साईसारखी लागते, वाईट असेल तर रांगोळीसारखी खरखरते. ब्रश लावल्यावर फार धूळ उडाली तर ती नीट दाबलेली नाही. अजिबात रंग उतरला नाही तर जास्तच दाबली आहे. तिसरी परीक्षा टिकण्याची, आणि कोल्हापूरच्या भाद्रपदात तीच अवघड. हवा दमट, मधेच ऊन, मधेच सर. सकाळी नऊला एका गालावर एक, दुसऱ्या गालावर दुसरा लावून पोरगी दिवसभर घरात वावरली. तिसरा दुसऱ्या दिवशी.

एक दुपारी बारालाच गेला. दुसरा तीनपर्यंत ठिगळासारखा झाला. तिसरा मात्र संध्याकाळी पाचला सकाळी होता तसाच! रंगही सुरेख, आतून आल्यासारखा. निवड झालीच होती. मी सवयीनं खोका उलटा करून भिंगातून घटकांची यादी वाचली. शेवटच्या ओळीत होतं, सी.आय. ७५४७०.

हा आकडा मला ठाऊक होता. म्हणजे कार्माइन. निवडुंगावर वाढणारे कोचिनियल नावाचे किडे वाळवून, त्यांच्यापासून काढलेला लाल रंग.

डबी मी तशीच बंद केली. आणि तो विषय तिथंच संपला असता, पण पर्वात उत्तम शौचाच्या दिवशी बस्तीत पंडितजींनी लोभाचे चार प्रकार सांगितले आणि मला ती डबीच आठवली. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या गोम्मटसारातला तो भाग आपल्यापैकी अनेकींनी ऐकला असेल. दहाव्या शतकातला ग्रंथ, चामुंडरायांच्या काळातला. त्यात लोभाची प्रत रंगाच्या टिकाऊपणावरून ठरवली आहे. कृमिराग, म्हणजे किड्यांपासून काढलेला रंग. मग चाकाचं वंगण. मग अंगावरचा मळ. आणि शेवटी हळदीचा रंग. पहिल्यासारखा लोभ नरकगतीला नेतो, दुसऱ्यासारखा तिर्यंच गतीला, तिसऱ्यासारखा मनुष्यगतीला, आणि हळदीसारखा, उन्हात ठेवला की उडून जाणारा, देवगतीला.

इतकी वर्षं हे मी निव्वळ दृष्टांत म्हणून ऐकलं होतं. आता वाटलं, ही तर आम्ही केली तीच परीक्षा! कुठला रंग जात नाही, कुठला धुतला की जातो, कुठला नुसत्या उन्हानं जातो. हजार वर्षांपूर्वी ऐकणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नव्हतं, कारण लुगडी रंगवताना, अळता लावताना रोजच्या अनुभवात ते होतं. किड्याचा रंग सगळ्यांत पक्का, हे त्यांना माहीत होतं. फक्त आमची यादी त्यांच्या उलट होती. आम्ही ज्याला पहिला नंबर दिला, तो त्यांनी तळाला टाकला.

आपल्या देशात कोचिनियलच्या आधी लाख होती. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेचं कवच करून राहतात. ते खरवडलं की राळ मिळते आणि लाल रंगही. पायाला लावायचा अळता मुळात याच लाखेचा. श्रावकानं कुठले धंदे करू नयेत, ती पंधरा कर्मादानांची यादी जुनी आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात आणि तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही ती येते, आणि तिच्यात लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, आहे. आपला समाज व्यापारी. लाखेत पैसा होता म्हणूनच तिचं नाव घेऊन मनाई करावी लागली असणार, असं मला वाटतं.

मराठीतला किरमिजी हा शब्दही पाहा. तो फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी 'किर्म' म्हणजे किडा आहे. आपल्या 'कृमी'चाच भाऊ. इंग्रजांचे क्रिमझन आणि कार्माइनही त्याच घरचे. आपण सहज म्हणतो, किरमिजी रंगाची पैठणी. किडा त्या शब्दात बसलेलाच आहे.

कोचिनियल मूळचं मेक्सिकोचं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं आणि त्यावर अमाप पैसा केला. एक पौंड वाळलेल्या मालाला सुमारे ७०,००० किडे लागतात. तो धंदा आपल्याकडेही काढावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ मध्ये, कॅप्टन नील्सन यांनी हे किडे कलकत्त्याला आणले. पण आली ती हलकी जात. रंग बेताचा निघाला आणि किड्यांनी निवडुंगच फस्त केला. पुढं विसाव्या शतकात याच कुळातली दुसरी जात दक्षिण भारतात मुद्दाम सोडली गेली, ती रंगासाठी नव्हे, फड्या निवडुंग मारण्यासाठी.

किड्याशिवाय लाल रंग नव्हता असं मात्र नाही. सोलापूर-मराठवाड्याकडं तेलासाठी पेरतात त्या करडईच्या फुलांत पिवळ्याबरोबर लालही असतो. तोच आपला कुसुंबी. जपानी बायका त्यापासून ओठांची लाली करत आणि युरोपातही गालांच्या लालीत तो घालत. दिसायला फार गोड, पण कच्चा. उन्हानं विटतो.

आणि हळद. खरं कुंकू हळदीचंच. हळकुंडाला चुना, टाकणखार, लिंबू यांची क्रिया झाली की पिवळ्याचा लाल होतो. सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव त्यासाठी प्रसिद्ध, आणि हळदीची पेठ म्हणाल तर आपली सांगली शेजारीच. म्हणजे बायकांच्या कपाळावर पिढ्यान्‌पिढ्या जो रंग होता, तो गोम्मटसाराच्या यादीतला सर्वांत हलका रंग.

इथंच थांबता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण शिरोळकडच्या माझ्या आजीची फणेरपेटी डोळ्यांपुढं आली. आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि एक बारकी डबी मेणाची. कोरडं कुंकू घामानं नाकावर ओघळायचं, म्हणून आधी कपाळावर मेणाचा गोल ठिपका आणि त्यावर कुंकू. मग ते संध्याकाळपर्यंत हलायचं नाही. ते मेण मधमाशीच्या पोळ्याचं. आजीला मधाचा आजन्म त्याग होता, औषधाच्या चाटणालाही ती मध घ्यायची नाही. तरी रोज सकाळी त्याच पोळ्याचं मेण कपाळावर. तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही. तिला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. लाख, कोचिनियल, मेण, रंग टिकवायचा म्हटलं की प्रत्येक वेळी कुठल्यातरी किड्याचं घर मोडलं गेलं, एवढंच मला दिसतं.

गालावरच्या लालीचं म्हणाल, तर ती आपल्या घरांत उशिरा आली. तिची वाट नाटक-सिनेमातून होती, आणि त्यात आपलं कोल्हापूर पुढं होतं. जुन्या नाटकवाल्यांची रंगपेटी म्हणजे सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुर्दाडशिंग. हिंगुळात पारा, मुर्दाडशिंगात शिसं. अशा रंगांनी तोंड रंगवून माणसं रात्र-रात्र गात होती. पॅरिसमध्ये १८६३ साली सुरू झालेली बूर्ज्वा कंपनीही आधी रंगभूमीसाठीच रंग करायची. कोरड्या पावडरीची छोटी गोल डबी तिथून पुढं घराघरांत गेली.

बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये लोकांपुढं आणला आणि त्यात बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. पण त्या वेळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे! लाल काही समोर आलं की पडद्यावर ते काळं उमटायचं. गालाला लाली लावली तर गालात खड्डा पडल्यासारखं दिसणार. पुढं १९२९ मध्ये इथंच प्रभात निघाली. त्यांनी १९३३ साली 'सैरंध्री' पुन्हा केला, तोही रंगीत, आणि रंगांचं काम जर्मनीत करून घेतलं. रंग मनासारखे उतरले नाहीत. त्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे काढली आणि हळूहळू लाली दुकानात मिळू लागली. आमच्या आईच्या पिढीत ती लग्नापुरती, तीही बोटानं पुसून अर्धी केलेली.

आता आजच्या डबीकडं येते. खाण्याच्या पाकिटावर हिरवा-तपकिरी ठिपका २००१ पासून आला, त्यामागं पुण्याच्या ब्यूटी विदाउट क्रुएल्टी संस्थेचे कष्ट होते. प्रसाधनांचं तसं सरळ झालं नाही. प्राणिज घटक आहे की नाही हे ग्राहकाला कळलंच पाहिजे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं २००२ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो २०१३ मध्ये रद्द केला. तेव्हा ठिपका दिसला तर चांगलंच, नाही तर यादी वाचायची. कार्माइन, कोचिनियल, नॅचरल रेड ४, सी.आय. ७५४७० ही एकाचीच नावं. खाण्याच्या पदार्थात तेच ई १२०. 'नॅचरल' शब्दाला भुलू नका, किडाही निसर्गाचाच. मॅग्नेशियम स्टिअरेट आणि झिंक स्टिअरेट, ज्यांनी पावडर घट्ट बसते, ते वनस्पती तेलाचे असू शकतात किंवा चरबीचेही, आणि यादीवरून ते कळत नाही. कंपनीला लिहून विचारावं लागतं.

याउलट सी.आय. ७७४९१ दिसलं तर निर्धास्त राहा. ते लोहाचं लाल ऑक्साइड. आपण पाटाभोवती, तुळशीच्या कट्ट्याला गेरू लावतो, त्याला लाल करणारा पदार्थ हाच, प्रसाधनासाठी कारखान्यात शुद्ध करून बनवलेला. त्याचा रंग विटकरी येतो. कार्माइनची ती आतून उमललेली गुलाबी छटा त्याला येत नाही, हे कबूल करायलाच हवं. गुलाबीच हवा तर सी.आय. १५८५० आहे, तोही किड्याचा नाही.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. ब्लशमधली चमक बहुधा अभ्रकाची असते, आणि झारखंडात कोडरमा-गिरिडीहकडं अभ्रकाचे तुकडे वेचायला लहान मुलं जातात. किडा टाळून आपण पोराच्या हातांवर आलो तर काय मिळवलं? म्हणून मी बिनचमकीची, मॅट डबी बघते, किंवा अभ्रक कृत्रिम आहे असं लिहिलेली.

भाचीला हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही, पोरगी पळून गेली असती. नंबर दाखवला आणि गप्प बसले. ती म्हणाली, "पण मावशी, टिकत होती तीच ना!" मी म्हटलं, हो, टिकत होती.

शेवटी तिनं दुपारी तीनला ठिगळ होणारी, गेरूच्या रंगाचीच निवडली. आम्ही युक्ती शोधली. आधी चेहऱ्यावरचं तेल टिपून घ्यायचं, एकदम जाड थर न देता दोन पातळ हात द्यायचे, आणि डबी करवलीच्या पर्समध्ये. लग्नाच्या दिवशी ती दोनदा परत लावावी लागली, एकदा अक्षतांनंतर आणि एकदा फोटोंच्या आधी. सूर्यास्ताच्या आत जेवायला बसलो तेव्हा गालावर फारसं काही उरलं नव्हतं. फोटो मात्र छान आलेत.

मागच्या रविवारी ती सासरहून आली होती. जाताना म्हणाली, "तो नंबर लिहून दे, नणंदेला हवाय." दिनदर्शिकेच्या कागदावर ७५४७० लिहून दिला.