माणगावचे नाईक, निमजचे शिपाई

दुसरे महायुद्ध शिकवताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर तीनच मथळे लिहीत आलो : कारणे, घटना, परिणाम. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, ह्यात आपली माणसं होती का?" मी "होती, पुष्कळ होती" एवढेच म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळलो. ते अर्धवट उत्तर आज पुरे करतो.

नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातले, वय 22. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारले. त्याच जिंकलेल्या मोर्चात गोळ्या लागून ते गेले.

शिपाई नामदेव जाधव नगर जिल्ह्यातल्या निमजचे. काम निरोप्याचे. 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. तिच्या दोन्ही काठांना मातीचे उंच बांध, आणि त्यांतच जर्मनांचे मोर्चे. जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना, दोन खेपा करून, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले. मग परत जाऊन तीन मशीनगन बंद पाडल्या. हात निकामी झाल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले.

दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. जाधव 1984 पर्यंत जगले.

वाचकहो, खरी अडचण पुढेच आहे. आमच्या नालासोपाऱ्याहून रेल्वेने थोड्याच अंतरावर पालघर. तिथे 14 ऑगस्ट 1942 रोजी 'चले जाव'च्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. गोळ्या झाडणारे सरकार आणि पदक देणारे सरकार एकच! त्यामुळे आम्ही हुतात्म्यांना आपले म्हटले आणि शिपायांबद्दल गप्प राहिलो. मीही त्यातलाच.

आता वाटते, पाण्यातून जखमी सोबत्याला ओढत आणणाऱ्या माणसाच्या मनात त्या घडीला कुठला सम्राट असेल? युरोपात 8 मे 1945 ला विजय साजरा झाला. त्यानंतर आपले शिपाई परतले ते पारतंत्र्यातल्याच गावांत.

इटलीतल्या मोंतोने गावाने 2023 साली घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. बाळा, होती. पालघरला पडली तीही आपली, आणि टायबरकाठी पडली तीही.