मुक्ता मला उशिरा भेटली

परवा जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लेख आला. लेखिका मुक्ता साळवे, वय अवघं चौदा. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला होता. पाठवणारा अंबड तालुक्यातल्या शाळेत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं, "सर, तुम्ही हिच्याबद्दल कधी सांगितलं नाही."

खरंच नाही सांगितलं. तीस वर्षं इतिहास शिकवला. जोतिराव-सावित्रीबाईंनी शाळा काढल्या हे दरवर्षी फळ्यावर लिहिलं. पण त्या शाळेत शिकलेल्या मुलीने काय लिहिलं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

मुक्ताला जागा दिली ती अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्राने. सत्यशोधक विचाराचं 'दीनबंधू' कृष्णराव भालेकरांनी काढलं, तेव्हा १८७७ साल उजाडलं होतं. बाबासाहेबांचं 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघालं. शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. 'केसरी'ने मात्र पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला. १९२३ मध्ये ते बंद पडलं. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू झालं, तेही पैशांअभावी १९२९ मध्ये थांबलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण कागद, छपाई आणि टपालाचा खर्च कोणी करायचा?

माझ्या विद्यार्थ्याला यातलं काहीच लागलं नाही. अंगठ्याने बटण दाबलं आणि दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची मुक्ता माझ्या ओसरीवर येऊन बसली.

पण मंडळी, गोष्ट इथेच संपत नाही. दुसऱ्याच दिवशी त्याच ग्रुपवर आरक्षणाची टिंगल करणारा एक मेसेज फिरला. पाच-सहा जणांनी हसरे चेहरे टाकले. बाकीचे गप्प. लेख पाठवणाराही गप्प. बोलायला जागा मिळाली म्हणजे ऐकायला माणसं मिळतातच असं नाही.

त्या गप्प बसणाऱ्यांत मीही होतो. दोन दिवस गेले. सगळ्यांसमोर 'मला माहीत नव्हतं' असं लिहिणं शिक्षकाला जड जातं हो! शेवटी लिहिलं, "बाबा, मलाच ठाऊक नव्हतं. तू शिकवलंस. आणि कालच्या मेसेजवर हसलेल्यांनी आधी मुक्ताचा निबंध वाचावा. हा गृहपाठ समजा."

आतापर्यंत तिघांनी वाचल्याचं कळवलंय. असो. वर्ग पुन्हा सुरू झाला म्हणायचा.