दोन वाऱ्यांच्या कात्रीत

केशवसुतांच्या मालगुंडात थंडीतल्या पहाटे जो परसात उभा राहिला असेल, त्याने हे पाहिलेच असेल. पाणचुलीचा धूर माडांपर्यंत चढतो न चढतो तोच आडवा होतो आणि वाडीवर पसरून राहतो. दुपारी तोच धूर वर जातो, विस्कटतो, दिसेनासा होतो. पहाटे जमिनीलगतची हवा गार, म्हणून जड. ती जागची उठत नाही. दुपारी ती तापून हलकी होते व आपण होऊन वर निघते. हे प्लावक बल. दुसरी शक्ती वाऱ्याची. पण नुसत्या वाऱ्याची नव्हे. वरचा थर वेगाने व खालचा हळू चालला, म्हणजे एक दुसऱ्यावरून घसरतो आणि मधल्या हवेत भोवरे उठू पाहतात. ह्याला कर्तन म्हणतात.

हे दोघे भिडले तर जिंकणार कोण? ह्याचे गणित ल्यूइस फ्राय रिचर्डसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० साली मांडले. त्याच वर्षी तेथील हवामान कचेरी विमान मंत्रालयाखाली गेली, तेव्हा ह्या क्वेकर पंथीय गृहस्थाने नोकरीवर पाणी सोडले. आम्हांला तो त्याच्या गणिताइतकाच मोठा वाटतो. थर जागी राखणाऱ्या ओढीला कर्तनाच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो त्याच्या नावाने ओळखतात. १९६१ साली माइल्स व हॉवर्ड यांनी सिद्ध केले की, समांतर वाहणाऱ्या थरांत हा आकडा सर्वत्र पावाहून अधिक असेल, तर लहानसहान धक्क्यांनी प्रवाह मोडत नाही.

समुद्रातही हाच झगडा चालतो. मे महिन्यात अरबी समुद्राच्या पृष्ठावर तीसेक अंश सेल्सियसचे पाणी हलके होऊन तरंगत असते. जूनचा वारा ते खालच्या गार पाण्यात ढवळतो. ढगांची सावली आणि बाष्पीभवन त्याला हातभार लावतात, आणि समुद्र निवतो.

पावसाळ्यात आकाशात मात्र ह्या दोघांच्या भूमिका पालटतात. दमट हवा हलकी होऊन उसळू पाहते, आणि कर्तन तिची घडी विस्कटते. भारतीय हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली सुमारे १४-१५ किलोमीटर उंचीवरच्या पूर्वेकडून येणाऱ्या वेगवान वाऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६९ साली फिंडलेटर यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आपल्याकडे येणारा, दीडेक किलोमीटर उंचीवरचा झोत दाखवून दिला. म्हणजे जुलैत आपल्या डोक्यावर दोन वारे परस्परांविरुद्ध धावत असतात! चक्रीवादळाला आपला उष्ण गाभा उभा राखावा लागतो. ह्या कात्रीत तो टिकत नाही. म्हणून मुसळधार पाऊस पडतो, समुद्र खवळतो, पण जुलै-ऑगस्टात अरबी समुद्रात चक्रीवादळ क्वचितच होते. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस कच्छजवळ उठलेले ‘असना’ हा अपवाद.

कात्री सैल असते ती पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना, आणि तेव्हाच पाणीही ऊबदार असते. ‘फयान’ आले ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी, ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले ते ३ जून २०२० रोजी, आणि ‘तौक्ते’ रत्नागिरीसमोरून गेले ते मे २०२१ मध्ये. खवळलेल्या जुलैत होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून त्या पाण्यात जातात, आणि नोव्हेंबरात त्या दूर समुद्रात असतात.