व्याख्यानगृहातून रुग्णशय्येकडे

वैद्यकीय महाविद्यालयातील पहिले वर्ष व्याख्याने, शवविच्छेदन कक्ष आणि जाडजूड ग्रंथ यांतच सरते. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे त्या वर्षाचे मुख्य विषय. खरी कसोटी लागते ती दुसऱ्या वर्षी. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून विद्यार्थी वॉर्डात जातो, तेव्हा त्याच्यासमोर धड्यातला आजार नव्हे, तर आजारी माणूस असतो.

रुग्णालय हीच पाठशाळा, हा विचार जुना आहे. मुंबईत १८४५ मध्ये स्थापन झालेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय जे. जे. रुग्णालयाशी जोडलेले होते. परळ येथे १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम रुग्णालय व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय एकाच आवारात आहेत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे सर विल्यम ऑस्लर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णशय्येपाशी शिकवण्याचा आग्रह धरला.

अभ्यासक्रमाची रचना

एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता असते. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्राच्या वर्गांबरोबरच औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग आदी विभागांत पाळीपाळीने 'पोस्टिंग' सुरू होते. २०१९ मध्ये लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने पहिल्याच वर्षी रुग्णालयाची तोंडओळख, संवाद व नीतिमत्तेचे शिक्षण आणि कौशल्यांची नोंद ठेवणारे 'लॉगबुक' यांची भर घातली.

उलटा प्रवास

हे संक्रमण अवघड का जाते? पाठ्यपुस्तक रोगाच्या नावापासून आरंभ करते व लक्षणांकडे जाते. रुग्ण मात्र लक्षण घेऊन येतो. नाव शोधायचे असते. धाप लागण्यामागे हृदयविकार असेल, दमा असेल किंवा साधा रक्तक्षयही असेल. म्हणूनच निरीक्षण, स्पर्श, बोटांनी ठोकून तपासणे आणि स्टेथोस्कोपने ऐकणे या चार पायऱ्यांआधी रुग्णाची हकीकत येते. ती नीट घेतली, तर निदानाची दिशा बहुधा तिथेच सापडते.

त्यासाठी रुग्णाची भाषा कळावी लागते. ठणका, कळ, चमक व जळजळ हे वेदनेचे चार निरनिराळे प्रकार आहेत. 'अंगावरून जाते' असे एखादी स्त्री संकोचाने सांगते, तेव्हा पांढरे की लाल, हे हळुवारपणे विचारावे लागते. परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यांनी तर हे शब्द औषधांच्या नावांइतक्याच निगुतीने शिकले पाहिजेत.

रुग्ण हा नमुना नव्हे

शिकाऊ हातांची किंमत रुग्ण मोजत असतो. एकच दुखरे पोट दहा विद्यार्थ्यांनी दाबले, तर ते शिक्षण उरत नाही, छळ होतो. तपासण्यापूर्वी आपण विद्यार्थी आहोत हे सांगून परवानगी घ्यावी. नकार मिळाल्यास तो मुकाट्याने मानावा. पडदा ओढून घ्यावा. स्त्रीरुग्णाला तपासताना महिला कर्मचारी सोबत असावी. पोट तपासताना दुखऱ्या जागेपासून दूर सुरुवात करावी आणि नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवावी. कर्करोगासारख्या निदानाची चर्चा खाटेपाशी करू नये. ते सांगण्याचा अधिकार उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आहे.

स्वतःची काळजीही महत्त्वाची. 'हिपॅटायटिस बी'ची लस आधीच घ्यावी, प्रत्येक रुग्णाआधी व नंतर हात स्वच्छ करावेत आणि सुई टोचल्यास ती गोष्ट न लपवता तत्काळ वरिष्ठांना कळवावी.

वरवर दहा रुग्ण पाहण्यापेक्षा रोज एकाची हकीकत पूर्ण घ्यावी, ती युनिटच्या डॉक्टरांपुढे मांडावी आणि त्याच रात्री त्या आजाराचे प्रकरण वाचावे. असे वाचलेले सहसा विस्मरणात जात नाही, कारण त्या पानामागे आता एक चेहरा असतो.