खुदरीची दफ्तरनोंद

मुंबई सरकारने दख्खनच्या नव्या मुलखाचा तपशील जमविण्यास ज्या लष्करी अंमलदाराची नेमणूक केली होती, त्या विल्यम हेन्री साइक्सने खानेसुमारी आणि जमीनमहसुलाच्या कागदांबरोबर पशुपक्षी व मासेही टिपून ठेवले. आणि मुळामुठेतील एका मोठाल्या खवल्यांच्या माशाचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध करताना कोणा विलायती पंडिताचे नाव त्यास न चिकटवता इथल्या लोकांच्या तोंडचा ‘खुदरी’ हाच शब्द त्याने शास्त्राच्या लॅटिनात दाखल करून घेतला, ही त्याची रसिकताच म्हणावयाची.

गळ टाकणाऱ्या साहेबलोकांना मात्र या बारकाव्यांशी फारसे कर्तव्य नव्हते; त्यांच्या लेखी या कुळातील सारे मासे ‘महासीर’, आणि १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ लिहिणाऱ्या हेन्री सलिवन टॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्याने तर आकारमानाच्या हिशेबात महासीर सॅमनपेक्षाही सरस झुंजतो, असा निर्वाळा दिला. (हा षोक मूळचा साहेबाचाच, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी कल्याणीच्या सोमेश्वर राजाच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’तले मत्स्यविनोदाचे प्रकरण पाहावे, आमिष कोणते, दोरी कशी, याचा तेथे सविस्तर विचार आहे.)

खळाळत्या, स्वच्छ पाण्यात धोंड्यांच्या आश्रयाने राहणारा हा बलिष्ठ जीव. जबड्यात त्याला दात नाहीत, ते घशात आहेत, आणि खेकड्या-शंखांची कवचे तो तेथेच भरडतो. गळ टोचताच पहिली जी धाव घेतो, तीतच रिळावरची दोरी सरत येते. पण पावसाळ्याच्या पुरात उगमाकडे चढून गोट्यांच्या थरात अंडी घालण्याची त्याची रीत, आणि ती अंडीही रोहू-कटल्याच्या मानाने थोडी. तेव्हा नदीवर आडवी भिंत उभी राहिली की वंशाची वाटच खुंटते. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंड या डोहातले मासे वरदायिनी देवीचे म्हणून राखले गेले, तसे भाग्य इतर डोहांच्या वाट्यास क्वचितच आले.

सह्याद्रीच्या माथ्यावर अशा भिंती बांधून वीज काढणाऱ्या टाटा कंपनीनेच पुढे, १९७० च्या सुमारास, लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी खुदरीची कृत्रिम पैदास आरंभिली, आणि तेथील पिल्ले दूरदूरच्या नद्यांत रवाना झाली. हेतू उदात्त, यात शंका नाही. परंतु कावेरीच्या खोऱ्यात, जेथे काबिनी नदीवर १९४६ साली म्हैसूरच्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा महासीर गळाने धरला होता, तेथील मूळचा वशिंडाचा महासीर या पाहुण्यापुढे हटत गेला. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख नक्की होईपर्यंत तो नामशेष होण्याच्या काठाशी येऊन ठेपला होता, आणि मुळामुठेच्या खुदरीची तेथील नोंद आता उपऱ्या माशांत होते.